साध्या जिगवर गुडघा बदलताना पाय नेमका कुठे वाकडा राहतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या दोन नर्सिंग होममध्ये साध्या जिगवर (करवतीला दिशा देणाऱ्या धातूच्या साच्यावर) गुडघे बदलणाऱ्या एका तरुण सर्जनने विचारलंय: "रोबोट नाही, नॅव्हिगेशन (संगणकावर कोन दाखवणारी यंत्रणा) नाही. पेशंट देवास, धार, खरगोनकडून उशिराच येतात, पाय चांगलेच धनुष्यासारखे झालेले असतात. ओटीत सगळं सरळ दिसतं, पण नंतरच्या उभ्या स्कॅनोग्राममध्ये (अख्ख्या पायाच्या एक्स-रेमध्ये) बऱ्याच पायांत 4-5 अंश व्हॅरस (धनुष्यासारखा वाकडेपणा) राहिलेला सापडतो. चूक जिगची, करवतीची की माझी?"

डॉक्टर, "4-5 अंश व्हॅरस" या एका आकड्यावरून काहीच कळत नाही. स्कॅनोग्रामवर तो आकडा आधी तीन भागांत फोडा. फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) यांत्रिक अक्षाशी (खुब्याच्या मध्यापासून गुडघ्याच्या मध्यापर्यंतच्या रेघेशी) फीमरच्या कंपोनंटचा (त्यावर बसवलेल्या धातूच्या भागाचा) बाहेरच्या बाजूचा कोन मोजा, तो 90 हवा. टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) अक्षाशी ट्रेचा (त्यावर बसवलेल्या धातूच्या तबकाचा) आतल्या बाजूचा कोन मोजा, तोही 90 हवा. मग फीमरच्या कंपोनंटची खालची रेघ आणि ट्रेची रेघ एकमेकींशी समांतर आहेत का ते बघा. समजा एकूण 5 अंश व्हॅरस आहे, फीमर 92, टिबिया 89 आणि मधला सांधा बाहेरच्या बाजूला 2 अंश उघडा. म्हणजे 2 अंश फीमरच्या कापाचे, 1 टिबियाचा आणि 2 सैल राहिलेल्या बाहेरच्या लिगामेंटचे. शेवटचे 2 अंश कुठलीही करवत सुधारू शकत नाही. काप अगदी नेमके असले तरी आतली बाजू ताठ आणि बाहेरची सैल असेल, तर पेशंट वजन टाकून उभा राहिला की पाय बाहेर झुकतोच. ओटीत टेबलावर आडवा पाय सरळ दिसतो तो यामुळेच. वीसएक पायांची अशी फोड केलीत की तुमची चूक कुठल्या हाडात साठते ते समोर येईल. बाक आलेल्या फीमरवर ठरावीक कोनाने काप घेणाऱ्या सर्जनकडे ती बहुधा फीमरमध्ये निघते, म्हणून तिथूनच सुरू करतो.

थोडी भूमिती हाताशी असू द्या, कारण अंश डोळ्यांना दिसत नाहीत, मिलिमीटर दिसतात. टिबियाचा पठारी भाग सुमारे 70 मिमी रुंद धरला तर 1 अंश म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत 1.2 मिमीचा फरक. दोन कॉन्डाइलच्या (फीमरच्या खालच्या टोकाच्या गोल उंचवट्यांच्या) मध्यांत सुमारे 45 मिमी अंतर असतं, तिथे 1 मिमी म्हणजे जवळजवळ सव्वा अंश. टिबियाच्या गाइडची लांबी 350 मिमी असेल तर घोट्याशी 6 मिमी सरकलात की 1 अंश गेला. या तीन आकड्यांवरून लक्षात येईल की करवतीच्या पात्याच्या जाडीएवढी चूकसुद्धा एक अंशाची असते.

आता फीमर. डिस्टल कापासाठी (फीमरच्या तळाच्या कापासाठी) 5 किंवा 6 अंश व्हॅल्गस (व्हॅरसच्या उलट बाजूचा कोन) लावून मोकळं होणं ही सगळ्यांत महागात पडणारी सवय. आपल्याकडच्या पेशंटांत, विशेषतः जुन्या व्हॅरस गुडघ्यांत, फीमरला बाहेरच्या बाजूला बाक असणं नेहमीचं. बाक असला की हाडाच्या पोकळीत, म्हणजे कॅनालमध्ये, घातलेला जिगचा रॉड फक्त खालच्या अर्ध्या कॅनालची दिशा दाखवतो आणि ती दिशा यांत्रिक अक्षाशी 8-9 अंशांचा, कधी त्याहून मोठा कोन करते. तिथे 5 अंशांवर काप घेतला तर 3-4 अंश व्हॅरस काप व्हायच्या आधीच ठरलेला असतो. त्यामुळे कंबर ते घोटा अशी उभी लांब फिल्म प्रत्येक पेशंटची हवीच. तिच्यावर फीमोरल हेडच्या (खुब्यातल्या गोळ्याच्या) मध्यापासून नॉचपर्यंत (दोन कॉन्डाइलमधल्या खाचेपर्यंत) एक रेघ ओढा आणि रॉड प्रत्यक्षात जिथवर जाणार आहे तेवढ्याच कॅनालची दुसरी रेघ ओढा. या दोघींमधला कोन जिगवर लावायचा. पूर्ण फीमरच्या कॅनालची सरासरी रेघ ओढू नका, बाकाच्या हाडात ती फसवते.

फिल्म घेताना वाटी समोर असली पाहिजे, पावलं नव्हे. पाय बाहेर फिरलेला आणि गुडघा 15-20 अंश वाकलेला असेल तर बाक असतो त्याहून जास्त दिसतो आणि तुम्ही खोटा कोन मोजता. चांगल्या फिल्ममध्ये फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या) डोक्याचा साधारण एकतृतीयांश भाग टिबियाच्या मागे झाकलेला दिसतो. फिब्युला पूर्ण सुटी दिसत असेल किंवा पूर्ण दडलेली असेल, तर टेक्निशियनला सांगून पुन्हा काढून घ्या. आजींना एवढ्या वेळ उभं राहवत नाही हे खरं, म्हणून आधाराला स्टँड द्या, पण वजन दोन्ही पायांवर असू द्या. जिथे लांब फिल्मची सोयच नाही तिथे दोन 14×17 फिल्म एकमेकींवर चढवून निदान फीमरचा बाक तरी मोजता येतो. पूर्ण पायाचा अक्ष मात्र त्यांच्यावरून काढू नका.

एंट्री पॉइंट (रॉडसाठी भोक पाडायची जागा) पुस्तकात एक ठिपका असतो. प्रत्यक्षात तो फिल्मवरच्या कॅनालच्या रेघेने ठरतो: ती रेघ खाली आणून फीमरच्या तळातून कुठे बाहेर पडते ते बघा. बहुतेकांत ती नॉचच्या मध्याच्या किंचित आत आणि मागच्या क्रुशिएट लिगामेंटच्या उगमाच्या सुमारे 1 सेंमी पुढे येते. बाकदार हाडात ती आणखी आत सरकते. आधी नॉचमधले ऑस्टिओफाइट (हाडाच्या वाढलेल्या कडा) काढा, नाहीतर मध्यच चुकतो. भोक ठरलेल्या जागेपासून 5 मिमी आत घेतलं आणि रॉडचं वरचं टोक 200 मिमीवर कॅनालमध्ये टेकलं, तर दिशा 1.4 अंशांनी फिरते आणि काप व्हॅरसमध्ये जातो. बाहेर घेतलं तर तेवढाच व्हॅल्गसमध्ये. पुढेमागे चुकलं तर वाकडेपणा बाजूने दिसतो: एंट्री फार पुढे गेली की काप एक्स्टेन्शनमध्ये जातो आणि पुढच्या कॉर्टेक्सला (हाडाच्या कठीण कवचाला) खाच पडायची भीती, फार मागे गेली की कंपोनंट फ्लेक्शनमध्ये बसतो. पीएस डिझाइनमध्ये (यात मागच्या क्रुशिएटचं काम मधली खुंटी, म्हणजे पोस्ट, करते) मग गुडघा पूर्ण सरळ केल्यावर पोस्ट पुढच्या बाजूला आपटू शकतो.

भोक रॉडपेक्षा मोठं घ्या, मॅरो सक्शन करा आणि रॉड हळूहळू, फिरवत आत सोडा. यामागचं एक कारण सुरक्षेचं आहे: घट्ट बसणारा रॉड कॅनालमध्ये पिस्टनसारखा चालतो आणि चरबी रक्तात ढकलतो. दुसरं कारण नेमकेपणाचं. भोक मोठं असलं की रॉड भोकाच्या काठाने दाबला जात नाही, कॅनालच त्याची दिशा ठरवतो. बाकदार हाडात लांब रॉड जबरदस्तीने घातला तर तो एका कॉर्टेक्सला अडून तिरका बसतो. तिथे आखूड रॉड घ्यावा लागतो, पण आखूड रॉडला खेळ जास्त. म्हणजे ज्या हाडाला नेमकेपणाची सर्वाधिक गरज, त्याच हाडात रॉड सर्वांत कमी विश्वासाचा. म्हणून त्याच्यावर दुसरा पहारा हवा.

हा पहारा स्वस्तात होतो. पेशंट टेबलावर घेतल्यावर, स्क्रब करण्याआधी, सी-आर्मखाली फीमोरल हेडचा मध्य शोधा आणि जांघेवर तिथे ईसीजीचा इलेक्ट्रोड चिकटवा. ड्रेपवरून तो बोटाला लागतो. डिस्टल कटिंग ब्लॉक बसवल्यावर त्याच्या हँडलमधून अलाइनमेंट रॉड लावा, तो इलेक्ट्रोडवरून गेला पाहिजे. याच्या मर्यादाही ओळखा: 400 मिमीवर इलेक्ट्रोड 10 मिमी सरकला तर 1.4 अंशांची चूक, आणि जाड पेशंटची त्वचा तेवढी सहज सरकते. त्यामुळे रॉड इलेक्ट्रोडच्या बोटभर इकडेतिकडे असेल तर फिल्मवरच्या कोनालाच चिकटून राहा. तीन बोटं बाहेर असेल तर थांबा, एंट्री आणि कोन दोन्ही पुन्हा तपासा. सी-आर्म नसेल तर एएसआयएसच्या (कंबरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाच्या) दोन बोटं आत ही जुनी खूण आहेच, पण ती 'साधारण' या कामापुरतीच.

आता ब्लॉक आणि पिना. ब्लॉक हाडाला टेकलेला हवा. मधे ऑस्टिओफाइटचा खडा किंवा सायनोव्हियम (सांध्याचं अस्तर) अडकलं तर ब्लॉक तिरका आणि पातं हाडाला भेटेपर्यंत जास्त अंतर हवेत फिरतं. दोन समांतर पिना ब्लॉक धरतात, पण तो हाडापासून उचलला जाऊ नये ही जबाबदारी तिसऱ्या, तिरक्या पिनेची. ती घालायचा कंटाळा करतात आणि ऑस्टिओपोरोटिक हाडात करवतीच्या थरथरण्याने ब्लॉक हळूच मागे येतो. काप संपल्यावर ब्लॉक बोटाने हलवून बघा. हलला, तर तो काप ठरल्या कोनात झालाच असं धरून चालू नका.

करवतीबद्दल बोलायला हवं, कारण दोष तिला सगळेच देतात पण तिच्याकडे लक्ष कोणी देत नाही. पातं 1.27 मिमीचं असेल आणि स्लॉट जरा सैल, तर पात्याला खेळ मिळतो. समजा खेळ 0.2 मिमी आणि स्लॉटची खोली 20 मिमी. पातं अर्ध्या अंशाहून जास्त तिरकं होऊ शकतं, 70 मिमीच्या हाडात 0.7 मिमी. स्लॉट झिजला असेल तर आणखी. सेट भाड्याने येणार असेल तर डबा उघडल्यावर तुम्ही जे पातं वापरता तेच स्लॉटमध्ये घालून हलवून बघा. वेगळ्या जाडीचं पातं घातल्याचे घोळ इथेच होतात: 1.27 च्या स्लॉटमध्ये पातळ पातं सहज जातं आणि कोणी काही बोलत नाही.

पातं बोथट असेल तर ते कापत नाही, घासतं. घासलं की तापतं, आणि हाड 47 अंश सेल्सियसला मिनिटभर राहिलं तर पेशी मरू लागतात हे 1983 पासून माहीत आहे. पातं पुन्हा निर्जंतुक करून पाच-सहा केसला वापरायची सवय मोडा. कापताना सलाइनची धार सोडत राहा. करवत हाडाला लावायच्या आधी पूर्ण वेगात आणा, ढकलू नका, पात्याला त्याच्या गतीने जाऊ द्या. जोर दिला की पातं वाकतं, आणि वाकलेलं पातं नेहमी मऊ हाडाकडे पळतं. व्हॅरस गुडघ्यात टिबियाच्या आतल्या बाजूला हाड हस्तिदंतासारखं कठीण झालेलं असतं. तिथे पातं वर उचललं जातं आणि आतली बाजू 1 मिमी उंच राहते. मग मोकळ्या हाताने ती घासायला गेलं की पुढची कड गोल होते आणि मागची तशीच राहते. उपाय कंटाळवाणा आहे: कठीण भागात पातं आत-बाहेर करत, टोचल्यासारखं थोडं थोडं कापा, पातं स्लॉटच्या एकाच बाजूला टेकलेलं ठेवा आणि काप झाल्यावर ब्लॉक न काढता पातं पुन्हा एकदा सगळीकडून सपाट फिरवा.

टिबियात व्हॅरस येण्याची तीन कारणं वेगळी असूनही एकाच दिशेला ढकलतात, म्हणून ती एकमेकांत मिळून जातात. पहिलं, आतल्या बाजूचे ऑस्टिओफाइट. ते काढायच्या आधी गाइड लावलं तर पठार आतल्या बाजूला रुंद दिसतं आणि त्याचा 'मध्य' आत सरकतो. दुसरं, वाटीचा टेंडन. तो गाइडचं वरचं टोक आत ढकलतो. तिसरं, घोट्याचा मध्य. दोन्ही मॅलिओलसच्या (घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या) बरोबर मध्ये गाइड ठेवलं की ते बरोबर वाटतं, पण घोट्याचा खरा मध्य त्या मध्याच्या 3 ते 5 मिमी आत असतो. आता बेरीज करा: वरचं टोक 6 मिमी आत, खालचं 5 मिमी बाहेर, मिळून 350 मिमीत 11 मिमी, म्हणजे 1.8 अंश व्हॅरस. यात ओटीत कुणाच्या डोळ्यांत भरेल असं काहीही नाही. म्हणून ऑस्टिओफाइट आधी, टेंडनमागे नीट रिट्रॅक्टर, आणि खालचा क्लॅम्प मध्यापासून 3-5 मिमी आत. घोट्याला सूज किंवा चरबी असेल तर टिबियाची धार खालपर्यंत बोटाने चाचपत जा. दुसऱ्या बोटाच्या मेटाटार्सलवर विसंबायचं असेल तर आधी पाऊल बघा: सपाट, बाहेर वळलेल्या पावलात दुसरं बोट भलतीकडेच बघतं.

स्लोपची (टिबियाच्या कापाला मागे दिलेल्या उताराची) एक गंमत आहे, ती कागदावर काढून बघितल्याशिवाय पटत नाही. गाइड टिबियाच्या समोर सरळ नसून फिरलेलं असेल तर मागचा स्लोप बाजूला गळतो. 7 अंश स्लोप आणि 20 अंश फिरकी असेल तर 2.4 अंश कोरोनल (समोरून दिसणाऱ्या) प्रतलात येतात. गाइड बाहेर फिरलं असेल तर ते व्हॅरसमध्ये येतात, आत फिरलं असेल तर व्हॅल्गसमध्ये. 3 अंश स्लोप असता तर तीच फिरकी 1 अंशात संपली असती. पीएस डिझाइनला जास्त स्लोप लागतच नाही, 0 ते 3 पुरतो. सीआर (मागचा क्रुशिएट राखणारं डिझाइन) करत असाल तर 5-7 च्या मोहात गाइडची फिरकी दोनदा बघा: ट्यूबरकलचा (वाटीचा टेंडन चिकटतो त्या उंचवट्याचा) आतला तिसरा भाग आणि टिबियाची धार एका रेषेत.

टिबियाच्या मागच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे खास लक्ष द्या. आतून-पुढून आलेलं पातं तिथे पोहोचायला टेंडन आडवा येतो. हात आखडता राहतो आणि तिथे हाडाची एक बारीक कड शिल्लक राहते. ट्रे त्या कडेवर टेकला की बाहेरची बाजू उंच राहते आणि हे व्हॅरसच झालं, काप बरोबर असूनही. ट्रायल ट्रे ठेवून चारही कोपऱ्यांवर बोटाने एकेक दाबा. डुगडुगला तर सिमेंट भरून तो खड्डा झाकू नका, कड शोधून काढा. मागे पॉप्लिटियल आर्टरी आहे म्हणून गुडघा 90 अंशांहून जास्त वाकवून, मागे रिट्रॅक्टर ठेवून. भीतीपोटी सोडलेला कोपरा आणि निष्काळजीपणे कापलेला कोपरा यांत दुसरा जास्त वाईट, हे वेगळं सांगायला नको.

आता मुख्य सल्ला, तो पाळलात तर वरचं निम्मं आपोआप कळेल: कापलेले तुकडे टाकू नका, मोजा. सिस्टरच्या ट्रेवर एक साधा व्हर्निअर कॅलिपर निर्जंतुक करून ठेवा. फिल्मवर यांत्रिक अक्षाला काटकोनात डिस्टल कापाची रेघ आखून आत आणि बाहेर किती हाड जाणार हे आधीच लिहून आणा. त्यात दोन दुरुस्त्या करा. फिल्ममध्ये कार्टिलेज (कूर्चा) दिसत नाही, म्हणून न झिजलेल्या बाजूला साधारण 2 मिमी वाढवा. आणि पात्याने चूर केलेले सुमारे 1.3 मिमी दोन्ही बाजूंतून वजा करा, कारण तो भाग तुकड्यात येत नाही.

उदाहरण घेऊ. व्हॅरस गुडघा, फिल्मवर डिस्टल फीमरमधून आतल्या बाजूचं 8 मिमी आणि बाहेरच्या बाजूचं 5.5 मिमी हाड जायचं आहे. आतलं कार्टिलेज संपलेलं, बाहेरचं शाबूत, म्हणून बाहेर 7.5. पात्याचे 1.3 वजा केले की तुकडे आत 6.7 आणि बाहेर 6.2 यायला हवेत, म्हणजे आतला 0.5 मिमी जाड. कॅलिपरने मोजल्यावर आत 7.9 आणि बाहेर 5.0 निघाले. फरक 2.9. हवा होता 0.5. म्हणजे 2.4 मिमी जास्तीचे, आणि 45 मिमीच्या अंतरावर तो 3 अंशांचा व्हॅरस काप झाला. हे कळायला एक मिनिट लागतं, आणि सिमेंट अजून उघडलेलंही नसतं. दुरुस्ती करताना मात्र त्याच पिनांवर ब्लॉक +2 च्या भोकांत सरकवू नका. त्याने 2 मिमी आणखी जातील, कोन तोच राहील. कोन बदलायचा असेल तर ब्लॉक नव्या कोनात पुन्हा पिना मारून बसवा, किंवा ज्या बाजूचं हाड राखायचं तिथे 1-2 मिमीची शिम (पातळ पट्टी) घालून उरलेल्या बाजूवरच पातं जाऊ द्या.

फिल्मच्या मोजमापात मॅग्निफिकेशन लक्षात घ्या. कोनाला त्याने फरक पडत नाही, मिलिमीटरला पडतो. मापाचा गोळा गुडघ्याच्या बाजूला ठेवून फिल्म काढली की हा प्रश्न मिटतो. टिबियाचा तुकडाही तसाच मोजा. तिथे बाहेरच्या, न झिजलेल्या बाजूपासून 8 ते 10 मिमीचा काप असतो. आतली बाजू किती पातळ निघणार हे फिल्मवर आधीच दिसतं. झिजेची खोली फार असेल तर तुकडा आतून कागदासारखा निघतो किंवा निघतच नाही. तिथे मोजमापाऐवजी ड्रॉप रॉड (घोट्याकडे सोडून अक्ष तपासायची सरळ सळई).

फीमरच्या कंपोनंटच्या रोटेशनबद्दल (फिरकीबद्दल) थोडक्यात, कारण त्याचा दोष उभ्या फिल्मवर दिसत नाही, वाटीच्या तक्रारींत दिसतो. मागच्या कॉन्डाइलपासून 3 अंश बाहेर हा नियम व्हॅल्गस गुडघ्यात फसतो. तिथे बाहेरचा कॉन्डाइल मागून खुरटलेला असतो आणि 3 अंश लावूनही कंपोनंट आत फिरलेला बसतो. व्हाइटसाइडची रेघ (वाटीच्या खोबणीतून पुढेमागे जाणारी) आणि एपिकॉन्डाइलचा अक्ष (फीमरच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे जोडणारा) दोन्ही आखा. तिघांचा मेळ बसत नसेल तर मागच्या कॉन्डाइलवर सर्वांत कमी भरवसा ठेवा.

लिगामेंट हा वेगळा विषय, पण कोनाशी गुंतलेला. व्हॅरसमध्ये आतली बाजू सोडायच्या आधी सगळे ऑस्टिओफाइट काढा, विशेषतः टिबियाच्या आतल्या आणि मागच्या कडेचे. एमसीएल (आतल्या बाजूचा लिगामेंट) त्यांच्यावरून ताणला गेलेला असतो आणि ते गेले की कित्येकदा सोडायला काही उरत नाही. स्पेसर ब्लॉक घालून एक्स्टेन्शनमध्ये आत-बाहेर ताण द्या. बाहेर 2-3 मिमीहून जास्त उघडत असेल तर स्कॅनोग्राममधला तो सांध्याचा उघडा कोन इथेच जन्माला येतोय हे ओळखा.

सिमेंटपर्यंत सगळं नीट गेलं आणि तिथे अंश गेला, असंही होतं. कीलसाठी (ट्रेच्या खालच्या खुंटीसाठी) पंच मारताना आतल्या कठीण हाडावर तो बाहेर घसरतो आणि ट्रे तिरका बसतो. आधी ड्रिलने जागा करा, मग पंच. कठीण पृष्ठभागावर 2.5-3 मिमीची भोकं पाडा, धुवा, कोरडं करा. सिमेंट लावल्यावर ट्रेच्या मधोमध ठोका, एका बाजूला नाही. फीमर ठोकताना हँडलचं वजन खाली ओढतं आणि कंपोनंट फ्लेक्शनमध्ये झुकतो, हँडल वर उचलून धरा. मग पाय सरळ करून, पण हायपरएक्स्टेन्शन न देता, स्थिर धरायला असिस्टंटला सांगा. कंटाळून त्याने पाय बाहेर झुकवला की ट्रेची एक बाजू सिमेंट घट्ट व्हायच्या आत उचलली जाते. इंदूरच्या एप्रिल-मेमध्ये एसी धड चालत नसेल तर सिमेंट नेहमीपेक्षा लवकर बसतं, घड्याळावर नव्हे, हातातल्या गोळ्यावर विसंबा.

यंत्रांचा प्रश्न उरतो. नॅव्हिगेशनने गुडघा बदलण्याची पहिली केस 1997 मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला झाली, रोबोटने पूर्ण गुडघा बदलायला अमेरिकेत 2015 मध्ये मान्यता मिळाली. अक्षाच्या बाबतीत यंत्राचा फायदा खरा आहे: 2007 मधल्या एका मोठ्या संकलित अभ्यासात 3 अंशांहून जास्त चुकलेले पाय साध्या पद्धतीत 31.8 टक्के आणि नॅव्हिगेशनमध्ये 9 टक्के होते. म्हणजे तुमची अडचण तुमच्या एकट्याची नाही. बाक फार असेल, फीमरमध्ये जुनी प्लेट किंवा खिळा असेल, रॉड जाणारच नसेल, तर अशा पेशंटसाठी नॅव्हिगेशन किंवा रोबोट असलेली जागा शोधा, त्यात कमीपणा नाही. पण यंत्र पातं धरत नाही, निदान नॅव्हिगेशन तरी. ट्रॅकरची पिन ढिली झाली किंवा मॅलिओलसची नोंद चुकीच्या जागी दिली, तर पडद्यावर हिरवं शून्य दिसतं आणि पाय वाकडाच राहतो. तिथेही काप झाल्यावर प्लेन प्रोब लावून मोजावंच लागतं.

आणि पूर्ण सरळ, म्हणजे 180 अंशच कशाला, असं विचाराल. बेल्जियमच्या बेलेमन्स या सर्जनने 2012 मध्ये दाखवलं की निरोगी तरुणांतही 32 टक्के पुरुष आणि 17 टक्के स्त्रियांचा पाय मुळातच 3 अंश किंवा जास्त व्हॅरस असतो. 2010 मध्ये 398 गुडघ्यांच्या 15 वर्षांच्या अभ्यासात 3 अंशांच्या आत बसलेले गुडघे बाहेरच्यांपेक्षा जास्त टिकले असं दिसलं नाही. उलट 1991 चा जुना अभ्यास सांगतो की अक्ष गुडघ्याच्या मधल्या तिसऱ्या भागातून गेला तर 3 टक्के ढिले झाले, नाहीतर 24 टक्के. कायनेमॅटिक अलाइनमेंटचा (गुडघा पेशंटच्या मूळ ठेवणीप्रमाणे बसवण्याचा) वाद यातूनच आला. माझं मत स्पष्ट आहे: आधी नेम, मग निशाणा कुठे ठेवायचा तो वाद. 177 वर ठेवायचा ठरवून 3 अंश चुकणारा सर्जन कधी 174 वर जाऊन पडेल, आणि टिबिया 5-6 अंश व्हॅरसमध्ये असलेला गुडघा जाड पेशंटमध्ये फार काळ तग धरेल असं गृहीत धरू नये.

पुढच्या वीस पायांसाठी एक वही करा. प्रत्येक पायासमोर फिल्मवर मोजलेला व्हॅल्गस कोन, जिगवर लावलेला कोन, तुकड्यांची अपेक्षित आणि मोजलेली जाडी, रीकट केला का, आणि तीन महिन्यांनंतरच्या उभ्या स्कॅनोग्राममधले ते तीन कोन. सहा आठवड्यांनी फिल्म काढू नका, गुडघा तोवर पूर्ण सरळ होत नाही आणि वाकलेल्या गुडघ्याचा अक्ष पुन्हा फसवतो. ज्या रांगांत तुकड्यांची जाडी बरोबर आणि फिल्म चुकीची निघेल, तिथे सिमेंट, ट्रेचं बसणं किंवा लिगामेंट बघा. जाडीच चुकलेली असेल तर दोष एंट्री, कोन आणि ब्लॉक यांच्यापैकी कुठे आहे ते त्याच रांगेतल्या आधीच्या रकान्यांत सापडेल.